ढासळलेल्या सरपणाबद्दल मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घाम गाळून फोडलेले आणि एवढ्या हौसेने रचलेले सरपण रातोरात आडवे झालेले पाहून तुझी किती चडफड झाली असेल, याची कल्पना येते. ‘सुट्टी मिळाली की होते तसे पुन्हा रचून टाकतो,’ असे तू लिहिले आहेस, आणि त्या एका वाक्यामुळेच मी तातडीने उत्तर लिहायला बसलो. होते तसे रचलेस तर थप्पी पुन्हा पडेल आणि बहुधा त्याच बाजूला पडेल. म्हणून एकाही लाकडाला हात लावण्यापूर्वी ती कोणत्या दिशेने व कुठून सुटली आहे, हे शांतपणे पाहून घे.

सबंध रांग उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या अंगाला कलंडली असेल, तर दोष तुझ्या हातापेक्षा लाकडाच्या स्वभावात अधिक आहे. ओल्या लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसू लागते, आणि ते लांबीत जवळजवळ आकसत नाही, जाडीत आकसते. पूर्ण वाळेपर्यंत ही घट लाकडाच्या जातीनुसार आणि वलयांच्या दिशेनुसार सुमारे ४ ते ८ टक्के असते. जाळण्याजोगा, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपासचा ओलावा येईपर्यंत त्यातली तिसऱ्या हिश्श्याइतकी घट होऊन जाते. हा आकडा किरकोळ वाटतो; परंतु दीड मीटर उंचीच्या थप्पीत तो दोन-तीन सेंटीमीटरचा होतो, आणि उन्हाकडची टोके आधी वाळत असल्यामुळे ही घट मागच्या बाजूच्या आधी पुढच्या बाजूला होते. रचताना ओळंब्यात असलेली भिंत अशा रीतीने हळूहळू पुढे वाकते आणि एखाद्या वादळी रात्रीचे निमित्त होऊन खाली येते. दोष मात्र सगळा वाऱ्याच्या माथी मारला जातो.

रांग मधूनच खचली असेल, तर खालची जमीन तपास. पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीत एक पाया दुसऱ्यापेक्षा अधिक रुततो. टोके फुटून लाकडे लांबीच्या दिशेने घरंगळली असतील, तर टोकांना पुरेसा आधार नव्हता. आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: फोडलेले लाकूड एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला निमुळते असते. सर्व जाड टोके एकाच बाजूला आली, की प्रत्येक थरागणिक उतार वाढत जातो.

आता उपसण्याविषयी. पडलेल्या ढिगापेक्षा अर्धवट उभा राहिलेला भाग अधिक घातक असतो, कारण त्याचा तोल कशावर टिकला आहे हे बाहेरून दिसत नाही. ओल्या कठीण लाकडाची एक घनमीटर थप्पी अर्ध्या टनाहून जड भरते, तेव्हा तिच्या झुकलेल्या अंगाला क्षणभरही उभा राहू नकोस. टोकाच्या बाजूने उभे राहून वरून एकेक लाकूड उतरव. खालचे मोकळे दिसले तरी ते ओढू नकोस. जाड हातमोजे आणि भक्कम बूट घाल. ढिगाच्या पोकळ्यांत विंचू, साप, गांधिलमाश्या आसरा घेतात, म्हणून न दिसणाऱ्या फटीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघ. मुलांना तर तिकडे फिरकूही देऊ नकोस. झुकलेल्या भागाला वासा टेकवून काही दिवस काढण्याचा मोह होईल. उपसून होईपर्यंतचा आधार म्हणून तो ठीक आहे. पण कायमचा ठेवलास तर वासा जमिनीत रुतेल आणि थप्पी त्याच्यासह येईल.

उपसतानाच वाटणी करून टाक. जमिनीला टेकून पुन्हा भिजलेली लाकडे, बुरशी चढलेली आणि वाळवी लागलेली, हे सर्व वेगळे काढ. नुसती भिजलेली पुन्हा वाळतात. दाबल्यावर भुसा होणारी मात्र रांगेत घेऊ नकोस, कारण भाराखाली ती चेपतात.

नव्या रचाईत पायावर सर्वाधिक वेळ घालव. समतल केलेल्या जमिनीवर दोन समांतर वासे किंवा दगडांच्या ओळी टाक, म्हणजे तळाचे लाकूड मातीपासून वीतभर उंच राहील आणि खालून वारा खेळेल. दोन्ही टोकांना सपाट बाजूंची, एकसारखी लाकडे निवडून प्रत्येक थर खालच्या थराला काटकोनात टाकत चौकोनी बुरूज उभे कर. ते जरासे आतल्या बाजूला झुकलेले असू देत. वेड्यावाकड्या, गाठींच्या लाकडांना तिथे जागा नाही; ती मधल्या भागात किंवा सर्वांत वर चालतात. मधल्या रांगेत जाड टोके एकदा पुढे, एकदा मागे अशी फिरव आणि हलवून न डुगडुगणाऱ्या बैठकीतच प्रत्येक लाकूड सोड. एकेरी रांग सव्वा मीटरच्या वर नेऊ नकोस. याहून उंच हवी असेल, तर दोन रांगा शेजारी रचून काही थरांनंतर दोन्हींवर पसरणारी लांब लाकडे टाकून त्या एकमेकींत गुंतव. साल वर असावी की खाली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते लाकूड ज्या अंगावर पक्के बसते ते अंग खाली, एवढे पुरे.

घराच्या भिंतीला चिकटवून रचण्याचा विचार मात्र सोडून दे. भिंत थप्पीला सावरते खरी, पण मागची बाजू ओली राहते, आकुंचन पुन्हा एकतर्फी होते आणि वाळवीला घरात शिरायला आयती वाट मिळते. हातभर अंतर ठेव. वरून पत्रा किंवा ताडपत्री टाकताना फक्त माथा झाक, बाजू उघड्या राहू देत. रचल्यानंतरचे पहिले काही महिने अधूनमधून ओळंबा लावून पाहा. कल दिसू लागला, तर फक्त वरचे काही थर उतरवून पुन्हा बसवावे लागतील.

पडझडीचे छायाचित्र काढले असशील तर उपसण्यापूर्वी मला पाठव, विशेषतः टोकांचे. बाकी भेटीअंती बोलू. घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार सांग.

तुझा स्नेहांकित मित्र