वनहक्काच्या ग्रामसभेला आपण का जात नाही?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात वनहक्क दाव्यांच्या बातम्या येत असतात, इतके दावे पडून आहेत, इतक्यांना सनदा दिल्या वगैरे, पण ते अडकतात कुठे हे फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा आहे. आपल्या गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 लाच मिळाला. तरी सांगे, केपे, काणकोणात अजून लोक फायली घेऊन फिरतायत.

आदिवासी दावेदाराने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन कसतोय हे दाखवायचं असतं. कागद नसला तरी कायद्याने वाट ठेवलीय, जाणत्या माणसाची जबानी चालते, जुनं घर, विहीर, बांध, मसण, देवाची जागा हेही पुराव्यात धरतात. म्हणजे म्हातारा वेळीप डोंगरावर घेऊन जातो आणि हा गडगा माझ्या बापाने घातला, त्या झाडाखाली आमचा देव असं बोट दाखवून सांगतो, तेही लिहून घ्यायला हवं. पण मग ग्रामसभेचा ठराव लागतो आणि गाडी तिथेच थांबते, कारण त्या सभेला ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि आलेल्यांत एक तृतीयांश तरी बायका पाहिजेत. ह्या निम्म्यात आपण बिगर आदिवासीसुद्धा मोजले जातो!! आपण घरी बसलो की कोरम होत नाही, सभा तहकूब, आणि शेजाऱ्याचा दावा पुढच्या तारखेवर.

आता क्वेकर लोकांबद्दल सांगतो, कारण मला त्यांचं काम बघून हे लिहावंसं वाटलं. 17 व्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ, युद्धात भाग घ्यायचा नाही ही त्यांची जुनी भूमिका, 1947 चं शांततेचं नोबेल त्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना मिळालं. आपल्याला ते अगदीच परके नाहीत, सेवाग्रामला नई तालीमचं, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचं, काम केलेल्या मार्जरी साइक्स क्वेकरच होत्या. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं कॅनडातलं काम. 2007 साली संयुक्त राष्ट्रांत आदिवासी हक्कांचा जाहीरनामा 144 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला, भारताने बाजूने मत दिलं आणि विरोधातल्या चारांत कॅनडा होता. तिथल्या क्वेकर समितीने आदिवासी संघटनांच्या सोबतीने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, बैठका, निवेदनं, खासदारांच्या भेटी, तो जाहीरनामा कॅनडात लागू करायचं एक विधेयक 2019 मध्ये सिनेटमध्ये अडकून बारगळलं तरी सोडलं नाही, शेवटी 2021 च्या जूनमध्ये तसा कायदा झाला. आणि हे करताना पुढे आदिवासी नेतेच होते, हे लोक सोबतीला.

त्यांचा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. अमेरिकेत ह्याच पंथाने आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या, सुधारणेच्या नावाखाली त्यांची भाषा, चालीरीती मोडायला हातभार लावला. आता त्यांच्यातल्याच काही सभा, म्हणजे त्यांची स्थानिक मंडळं, ते उघड मान्य करून माफी मागतायत, जुनी दप्तरं उघडतायत. मला ह्याचा फार आदर वाटतो, कारण आपल्याकडे आदिवासींचं भलं आम्हालाच कळतं असं म्हणणारे आजही माईक सोडत नाहीत.

अजून एक, क्वेकर सभेत मतदान नसतं. शांत बसतात, ज्याला बोलायचंय तो बोलतो, मग थोडा वेळ गप्प, आणि सगळ्यांचं एकमत कुठे होतंय ते बघून निर्णय लिहितात. आमच्या ग्रामसभेत मागच्या बाकावर बसलेल्या कुणबी बायकांना बोलायला कोण वाव देतो? त्यांना डोंगरातली प्रत्येक वाट, प्रत्येक झरा माहीत असतो आणि दाव्याच्या फायलीत नेमकी तीच माहिती नसते.

तर माझी गोव्यातल्या बिगर आदिवासी गावकऱ्यांना कळकळीची विनंती, पुढची वनहक्काची ग्रामसभा लागली की जाऊन बसा. आपल्या नावावर काही होणार नाही, तरी जा. आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती, ह्या सभांच्या तारखा पंचायतीच्या फळ्यावर लागतात आणि तिथेच राहतात, त्या आधी चार दिवस तालुकावार छापता येतील का? जागा थोडीच लागेल.

आपला,
एक वाचक, केपे