गुहागरच्या परसातलं लुकाट

देहरादून,
१२ एप्रिल

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं, फोटोही पाहिले. इथून नेलेल्या लुकाटाच्या, म्हणजे आमच्या त्या केशरी, आंबटगोड फळाच्या बिया तू गुहागरात उगवून दाखवल्यास, कमाल आहे तुझी. ही बी फळातून निघाल्यावर लगेच मातीत गेली तर रुजते, फणसाच्या आठळीसारखीच, वाळली की संपली. तू ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्यास तेव्हा आमची ही हसली होती. आता फोटो पाहून गप्प आहे. पानं झकास आलीयत. वरून गर्द हिरवी, उलटी केली की मागे तांबूस लव. पण ‘फळं कधी धरतील?’ याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तुझ्या परसात बहुतेक धरणारच नाहीत.

रागावू नकोस. झाड मरणार नाही, उलट जोमाने वाढेल, सावली देईल. अडचण फळाची आहे. लुकाट मूळचं चीनचं, जपान्यांनी त्याच्या चांगल्या जाती काढल्या. भाऊबंद सगळे सफरचंद, नासपती असले थंडीवाले. फरक एवढाच, की ते भाऊबंद हिवाळ्यात पानं गाळून झोपतात आणि हे नेमकं तेव्हा फुलतं. इथे पाऊस सरला की ऑक्टोबरपासून फांद्यांच्या टोकांना तपकिरी मखमलीसारखा फुलोरा दिसू लागतो. डिसेंबरात ऊन जरा वर आलं की सगळ्या मधमाश्या त्याच झाडावर, कारण दुसरं फुललेलं असतं काय? मग थंडीभर फळ हळूहळू पोसतं आणि मार्च-एप्रिलात, लू सुटायच्या आत पिकून मोकळं होतं. तुमच्याकडे जानेवारीच्या पहाटे फारतर एक गोधडी लागते. तुमच्यासारख्या उष्ण मुलखात हे झाड साधारण ९०० मीटरच्या वर नीट फळतं, खाली समुद्राकाठी नुसतं पानांनी भरतं.

तेव्हा माझं ऐक. पावसाळा लागताच रोपं ताईकडे पाचगणीला पाठव. तिथे १,३०० मीटरच्या आसपास उंची आहे, गारवा आहे, पाणी धरून न ठेवणारी उताराची जमीनही आहे. ती शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, मुळाशी पाणी साचलेलं लुकाटाला अजिबात चालत नाही. मात्र खोलगट जागी लावू देऊ नकोस. दर हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात ना, तशी थंडी खळग्यात उतरून बसते. झाड स्वतः शून्याखाली दहा अंशांपर्यंत तग धरतं, पण कोवळी फळं शून्याखाली तीन-चार अंशांतच काळी पडतात.

दुसरं असं, की बीपासूनच्या झाडाला फळ यायला सहा-आठ वर्षं सहज जातात आणि फळ कसं निघेल याचा भरवसा नाही. आमच्या शेजारी बीचं एक झाड आहे, फळात बियाच बिया, गर नावाला. म्हणून तुझ्या रोपांचा खुंट कर, म्हणजे त्यांच्यावर चांगल्या झाडाचं कलम बांधू. पेन्सिलीएवढे जाड झाले की कळव, चांगल्या झाडाच्या काड्या घेऊन मीच येतो. कोयकलमात तुझा हात बसलेला आहे, हे त्यापुढे काहीच अवघड नाही. कलमाला तीन-चार वर्षांत फळ दिसतं. शिवाय दोन वेगवेगळ्या जाती जवळजवळ लावायच्या. काही जातींना स्वतःच्याच परागावर फळ धरत नाही आणि मग लोक वर्षानुवर्षं खतं घालत बसतात.

छाटणीचं मात्र ताईला बजावून सांग. फुलोरा नव्या फुटीच्या टोकाला येतो, त्यामुळे जी काही कात्री चालवायची ती फळं उतरल्यावर लगेच. आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या माळ्याने सप्टेंबरात झाड छान गोल कापलं. दिसलं सुरेख, पण त्या वर्षी मालकांना आमच्याकडची लुकाटं खावी लागली.

आणि उतरवताना आंब्याची सवय विसरायची. लुकाट आढीत पिकत नाही. आंबट काढलंस तर आंबटच राहतं, नंतर नुसतं मऊ पडतं. देठापाशी हिरवी छटा उरली नाही, पुरतं केशरी झालं की अख्खा घोस कात्रीने कापायचा. दाबून बघायचं नाही, तासाभरात बोटांचे तपकिरी ठसे उमटतात. म्हणूनच कुरिअरने पाठवत नाही, पोचेपर्यंत लगदा होईल. हिने साखरांबा केलाय, वेलची जरा जास्त पडलीय असं माझं मत (हिचं नाही), त्याची बाटली राखून ठेवलीय. नातवंडं फळं खातील तेव्हा बिया चावू देऊ नका, त्या विषारी असतात.

परसातली ती जागा रिकामी ठेवू नकोस. रामबुतान लाव, ते लिचीसारखं केसाळ फळ. त्याला तुमचाच दमटपणा हवा, थंडीचं नावही नको. कलमच घे, बीपासूनची बरीच झाडं नर निघतात. कोकमाचंही तसंच, ते तुला मी काय सांगणार! पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात वर झापं घालून सावली दे आणि पाणी तोडू नकोस.

माझं म्हणशील तर मीही तुझ्याइतकाच हट्टी. ड्रममध्ये कोकम लावलंय, थंडीत व्हरांड्यात आणतो. मरत नाही, वाढतही नाही, नुसतं उभं आहे. चिकू बरा, डिसेंबर लागला की त्याला गोणपाट गुंडाळतो. खरी मजा लिचीची. गुटी कलमाचं रोप लावताना खड्ड्यात जुन्या लिचीच्या झाडाखालची घमेलंभर माती घातली, तशी इथली रीतच आहे. त्या मातीत मुळांशी दोस्ती करणारी बुरशी असते, तिच्याशिवाय रोप नुसतं रडत बसतं. पण अशी जुनी झाडंच आता शोधावी लागतात. लिचीच्या बागा जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्यात. यंदा मे महिन्यात गरम कोरडं वारं सुटलं नाही तर फळं तडकायची नाहीत.

माकडांचं तू लिहिलं आहेस, इथेही तेच. जाळी टाकली तर जाळीसकट ओढतात. तुमच्याकडे कोणी काही उपाय काढला असेल तर सविस्तर लिही, फटाके सोडून.

मे अखेरीस भाचा चिपळूणला लग्नाला येतोय. साखरांब्याची बाटली त्याच्याबरोबर देतो. येताना त्याच्याकडे कोकमाचं आगळ दे, दोन बाटल्या, घरचंच. माझ्या ड्रमातल्या कोकमावर विसंबून राहिलो तर सोलकढी या जन्मी नाही.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
वसंता