पाठीवरचं नाव

बेलफास्ट, 2 नोव्हेंबर

सद्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही. तू पाठवलेल्या कुंद्याच्या फोटोलाही नुसता अंगठा दाखवला. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, सुमीचा गुडघा कुरकुरतो. झालं.

काल एक नोव्हेंबर, बेळगाव कर्नाटकात घातल्याचा आपला काळा दिवस. दंडाला काळी फीत बांधून तू सायकल फेरीला गेला असशीलच, गुडघे साथ देवोत न देवोत. मी इथे स्वयंपाकघरात तुझीच आठवण काढत बसलो होतो.

तन्मयची आयर्लंडच्या शाळकरी बॉक्सिंग संघात निवड झाली. तीन वर्षं आम्ही समजत होतो, पोरगा क्लबात जाऊन दोरीवरच्या उड्या मारतो! परवा ट्रॅकसूट आला. हिरवा, पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आयर्लंड. आरशासमोर मान वळवून वळवून पाठ बघत होता. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘त्यांचा ट्रॅकसूट घालणार तू?’

तेच वाक्य, सद्या. आनंदवाडी आखाड्याच्या बाहेर तुला ऐकवलेलं, शब्द न शब्द तेच.

तन्मय म्हणाला, ‘त्यांचा म्हणजे कुणाचा?’

आता इथली भानगड ऐक. आयर्लंडची फाळणी 1921 ची, उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनकडे राहिला, पण बॉक्सिंगची संघटना त्याच्या आधीची, 1911 ची, आणि आजही अख्ख्या बेटाची मिळून एकच. त्यामुळे ब्रिटनच्या राजाच्या राज्यात वाढलेलं बेलफास्टचं पोर ऑलिम्पिकला आयर्लंडकडून उतरतं. राष्ट्रकुलात मात्र तेच पोर उत्तर आयर्लंडचं, कारण दक्षिणवाले 1949 मध्येच राष्ट्रकुलातून बाहेर पडले. झेंडा वेगळा, गाणं वेगळं, तोंडावर बुक्के तेच. वर 1998 च्या करारानं इथल्या माणसाला सांगून ठेवलंय की तू स्वतःला आयरिश म्हण, ब्रिटिश म्हण, नाहीतर दोन्ही म्हण. आपल्याला कुणी असं विचारलं होतं का रे? सीमावादावरच्या महाजन आयोगानं तर नाही.

तन्मयचा कोच शँकिल रोडचा. म्हणजे कट्टर युनियन जॅकवाल्यांची वस्ती. त्याच रस्त्यावरचा वेन मॅककला. 1988 च्या सोल ऑलिम्पिकला, अठरा वर्षांच्या या पोराच्या हातात आयर्लंडचा तिरंगा दिला. त्या काळात शँकिलवर तो झेंडा नुसता दिसला असता तरी काच फुटली असती. याने उचलला आणि चालला. चार वर्षांनी बार्सिलोनात गालाचं हाड मोडलेल्या अवस्थेत रौप्य आणलं. मधे 1990 ला ऑकलंडच्या राष्ट्रकुलात उत्तर आयर्लंडकडून सुवर्ण. पदक गळ्यात पडलं आणि राष्ट्रगीताच्या जागी वाजायच्या ‘डॅनी बॉय’ या गाण्याची टेपच वाजेना. शेवटी एक माणूस रिंगमध्ये चढला, माइक घेतला आणि गायला लागला. कोच हे सांगताना दरवेळी तन्मयच्या हाताची पट्टी अर्धी गुंडाळून थांबतो, आणि मग पहिल्यापासून गुंडाळतो.

त्याच्या आधीचा बॅरी मॅग्विगन. क्लोन्सचा, म्हणजे सीमेच्या पलीकडचा, दक्षिणेतला. कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट. मॉस्कोला आयर्लंडकडून खेळला, पुढे ब्रिटिश किताबासाठी लढता यावं म्हणून ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. गद्दार म्हणणारे निघालेच, ते सगळीकडे निघतात, मीच एक होतो. 1985 ला लंडनमध्ये पेद्रोझाला हरवून जगज्जेता झाला तेव्हा चड्डीवर शांततेचं कबुतर, आणि राष्ट्रगीताच्या जागी त्याच्या वडिलांनी तेच ‘डॅनी बॉय’ म्हटलं. आपण त्या वर्षी बेळगावात काय म्हणत होतो ते इथे लिहीत नाही, पत्र तन्मय वाचेल.

2014 ची ग्लासगोची फायनल आठवते? पॅडी बार्न्स बेलफास्टचा, समोर आपला मणिपूरचा देवेंद्रो. सुमी देवेंद्रोसाठी ओरडत होती, शेजारीण बार्न्ससाठी, आणि तन्मय दोघींच्या मधे बसून ज्याचा बुक्का लागेल त्याला टाळ्या. बार्न्स जिंकला. सुमीनं शेजारणीला चहा दिला, साखर न घालता.

मग माझं काय बिनसलं? भीती, दुसरं काय. आमच्या गल्लीत जुलै आला की फुटपाथच्या कडा ब्रिटिश झेंड्यासारख्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवतात. 2024 च्या ऑगस्टात याच शहरात परदेशी लोकांची दुकानं जाळली. आधीच रंग आपला असा, त्यात वर हिरवा! कोचसुद्धा हळूच म्हणाला, बसमध्ये वरून कोट घालू दे. तो शँकिलचा असून हे म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

पण तुझ्या वेळी मला भीती नव्हती. तेव्हा नुसता माज होता. तू कर्नाटककडून शालेय कुस्तीला निवडला गेलास आणि मी सात महिने बोललो नाही. स्वतः मात्र कर्नाटक बोर्डाचीच एसएसएलसी देऊन, गुणपत्रिका छातीशी धरून पेढे वाटले. तू ते कधी काढलं नाहीस. मी तुझ्याकडून घेतलेले सिनेमाचे चाळीस रुपये मात्र दर दिवाळीला काढतोस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तो ट्रॅकसूट तू अंगणातल्या दोरीवर उलटा करून वाळत घालायचास, अक्षरं आत. मी आमच्या गच्चीवरून बघायचो. आणि मला जिंकल्यासारखं वाटायचं.

तन्मयला हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. रात्री बघतो तर ट्रॅकसूट अंगात घालूनच झोपलेला.

मेघनाचं एमबीबीएस संपलं का? वहिनींना नमस्कार. घराची गळती काढलीस की अजून पातेली लावतोयस?

पंधरा तारखेला डब्लिनला जातोय, नॅशनल स्टेडियममध्ये, 1939 साली खास बॉक्सिंगसाठीच बांधलेलं. पोराची लढत संध्याकाळी आहे. त्याआधी एक काम कर. तो ट्रॅकसूट ट्रंकेत असेल तर फोटो पाठव. तन्मयला बघायचाय. पाठीचा काढ.

तुझा,
बाळ्या