पेंटर अण्णांना, पेठेतल्या पाट्यांबद्दल

आदरणीय पेंटर अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहायचं नाही, ही तुमची अट. "माझी सही बोर्डाच्या कोपऱ्यात आहे, तेवढी पुरे," असं तुम्ही म्हणालात. म्हणून सगळी पेठ तुम्हाला जी हाक मारते, तीच मीही मारते. पत्र मात्र चारचौघांत लिहितेय. माझे सोलापूरचे फोटो पाहून ज्यांनी मला शाबासकी दिली, त्यांना ती कोणाच्या वाट्याची आहे हे कळायला हवं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत मंगळवार पेठेतल्या एका बंद शटरसमोर मी कॅमेरा लावून उभी होते. मागून तुमचा आवाज आला, "काय करायलाव ओ ताई?" मी म्हटलं, उजाड होत चाललेल्या बाजाराचे फोटो काढतेय. तुम्ही शटरकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "हे उजाड नाही. घरात मयत झालीय. तेराव्यानंतर उघडतील."

अण्णा, मी तो फोटो तुमच्यासमोर पुसला. पण माझ्याकडे तसे आणखी एकशे चाळीस होते आणि त्यांतले किती खरे, हे मला माहीत नव्हतं. मी याच गावात वाढले. वडील चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. पुण्याला नोकरी लागल्यावर पंधरा वर्षांत मी इतकी परकी झाले होते की गंजलेलं कुलूप दिसलं की दुकान संपलं, असं धरून चालले होते.

तुम्ही मला पायरीवर बसवलंत, चहा सांगितलात आणि कॅमेऱ्याच्या तेवढ्याशा पडद्यावर एकेक फोटो पाहत गेलात. इथलं दुकान जुळे सोलापुरात गेलं, गिऱ्हाईक तिकडे राहायला गेलं म्हणून. हे गोडाऊन झालंय, रात्री माल उतरतो. इथे तिघा भावांचा दावा चाललाय, निकाल लागेपर्यंत कोणीच कुलूप काढू शकत नाही. ही पागडीची जागा, मालकाला भाडेकरू नको आणि भाडेकरूला जागा सोडवत नाही. ह्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, म्हातारा एकटा किती वेळ बसणार? आणि हे, म्हणत तुम्ही थांबलात, हे खरंच संपलं. एकशे चाळीसांतले खरोखर संपलेले निघाले एकतीस. बाकीच्या प्रत्येक शटरमागे काहीतरी चालू होतं, अडलेलं होतं किंवा वाट पाहत होतं. ते दोन तास नसते, तर मी एका जित्या बाजाराचे अंत्यविधीचे फोटो लावून मोकळी झाले असते.

पेठ का ओसरली हेही मला तुमच्याच तोंडून नीट कळलं. 1877 साली मोरारजी गोकुळदासांनी काढलेली जुनी मिल, नंतरच्या लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण गिरणीचा पगार आणि पेठेतला रंग यांचा संबंध मला कोणी सांगितला नव्हता. पगार झाला की उधारीच्या वह्या मोकळ्या व्हायच्या. दिवाळीचा बोनस झाला की दुकानदार नवी पाटी सांगायचे, आणि संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे सात नंदीध्वज निघायच्या आत ती वर चढलेली हवी असायची. दोन-दोन महिने तुमच्या हातातला ब्रश सुटत नसे. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, तेव्हा, तुमच्या शब्दांत, "आधी भोंगा गेला, मग उधारी गेली, मग बोर्ड." पूर्व भागातल्या यंत्रमागांनी पुष्कळ तोलून धरलं. पण सुताचे भाव चढले आणि सोलापुरी चादरीच्या नावाखाली पानिपतचा माल विकला जाऊ लागला, तिथे ते तरी किती पुरे पडणार? शेवटी फ्लेक्स आलं. दोन तासांत छापून मिळणाऱ्या पाटीपुढे तुमची चार दिवसांची पाटी महाग ठरली. हे सांगताना तुमच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला होता, अजूनही येतो.

तुम्ही अक्षरं दाखवायला लागलात, तेव्हापासून माझे फोटो खऱ्या अर्थाने बदलले. पत्र्यावर आधी रेड ऑक्साइडचा तांबडा हात, मग जमिनीचा म्हणजे अक्षरांमागचा रंग, मग खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची की सरळ रेघ उमटते. सगळ्यात वर लहानसा "श्री". विजापूर वेशीकडे उर्दू, पूर्व भागात तेलुगू, इकडे कन्नड आणि मराठी तर सगळीकडे. तुमच्या घरी तेलुगू, शाळा मराठी, कन्नड गिऱ्हाइकांकडून उचललेली आणि उर्दू एका मौलवींकडून पाटीवर गिरवून घेतलेली. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, नुसती ओळीने म्हटली तरी हे गाव किती भाषांचं ते कळतं. तेच गाव तुमच्या पाट्यांवर लिहिलेलं होतं आणि मी वर मान करून कधी वाचलं नव्हतं.

साखर पेठेतली ती भिंत आठवते? चुना उडालेला, वर तीन-चार थर पोस्टरांचे. मी म्हटलं, इथे काही नाही. तुम्ही पिशवीतून प्यायच्या पाण्याची बाटली काढलीत आणि भिंतीवर शिंपडलीत. ओल चढली तशी खालून निळी अक्षरं वर यायला लागली. आधी एक "चा", मग अर्धा "द", मग चादरीच्या कारखान्याचं अख्खं नाव. उन्हाने ती ओल वाळायच्या आत माझे सहा फोटो झाले. उशाला उजनी धरण असून ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, तिथे तुम्ही उरलेली बाटलीही त्या भिंतीवर ओतलीत, "अजून एक घ्या" म्हणत. घरी परतताना तुम्हाला तहान लागली असेल, हे माझ्या रात्री लक्षात आलं. तेव्हा म्हणायचं राहिलं, ते आता म्हणते. अण्णा, मी तुमची फार ऋणी आहे.

आणखी एका गोष्टीसाठी. प्रत्येक दुकानाशी थांबून तुम्ही आधी माझी ओळख करून द्यायचात, "दिवाणजींची मुलगी." मग विचारायचात, फोटो काढू का. तिघांनी नाही म्हटलं. तुम्ही मला तिथे दुसऱ्यांदा विचारू दिलं नाहीत. बाकीच्यांनी गल्ल्याच्या खणातून जुने फोटो काढून दाखवले. एका काकूंनी नवऱ्याच्या हातची उधारीची वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. त्या वहीच्या फोटोला आजवर सगळ्यात जास्त लोकांनी दाद दिली. तो मला फक्त तुमच्या शब्दावर मिळाला.

प्रिंट तयार आहेत. पहिला संच तुमचा, दुसरा ज्या त्या दुकानाचा. संपलेल्या एकतीस दुकानांच्या फोटोंखाली मी मालकांची नावं आणि तुम्ही सांगितलेली वर्षं घातली आहेत. कुठे चुकलं असेल तर पेन्सिलीने खूण करा, बदलून आणते.

कुंभार वेशीजवळची ती दुमजली भिंत मात्र अजून राहिलीय. येत्या शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते. शनिवारी सकाळी सातला, ऊन तिरपं असताना, पायरीशी येईन. बाटल्या मी आणते, तुम्ही आणू नका.

तुमची,
दिवाणजींची मुलगी