नवं लिहून का घ्यायचं?

बॉस्टन

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

‘बीथोवेन, मोझार्ट एवढं संगीत लिहून गेलेत, तुमच्या ऑर्केस्ट्राने तेच वाजवावं की. नवं पैसे देऊन कशाला लिहून घेता?’ हे तुम्ही विचारावं, बाबा? सांगलीत राहून? १८४३ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना नाटक करायला सांगितलं नसतं, तर ‘सीतास्वयंवर’ झालं असतं का? बीथोवेनची नववी सिम्फनीसुद्धा लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने ५० पौंड देऊ करून मागवलेली.

आपल्याकडे तंबोरा लावला की नवी बंदिश गाऊन बघता येते. इथे ऐंशी वादक समोर बसेपर्यंत आपण काय लिहिलंय ते संगीतकाराला धड ऐकायलाही मिळत नाही. म्हणून कुणीतरी आधी मागणी करावी लागते. रचना किती मिनिटांची, वाद्यं कोणती, पहिला प्रयोग कुणाचा, हे करारातच ठरतं. मग प्रत्येक वादकाचे स्वरलिपीचे कागद वेगळे निघतात. व्हायोलिनवाल्यांना पान उलटायला पुरेसा विराम मिळतो का, ते मी पान न् पान तपासते. तालमी मोजक्याच असतात, तिथे कागदापायी खोळंबा नको.

१९४३ साली हंगेरियन संगीतकार बार्टोक न्यूयॉर्कच्या इस्पितळात होता, हातात काम नव्हतं. इथले कंडक्टर कुसेवित्स्की त्याला तिथे जाऊन भेटले आणि हजार डॉलरचं काम देऊन आले. त्यातून ‘कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ झाला. १ डिसेंबर १९४४ ला याच गावात तो पहिल्यांदा वाजला आणि पुढल्याच वर्षी बार्टोक गेला. उशीर झाला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता मागणी जगभर जाते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने १९ स्त्रियांकडून नव्या रचना मागवल्या. त्यातल्या क्यूबात जन्मलेल्या तानिया लिओनच्या रचनेला २०२१ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. खरी अडचण दुसऱ्या प्रयोगाची आहे. पहिल्याला गर्दी, सत्कार, आणि नंतर कागद कपाटात! म्हणून चार-पाच ऑर्केस्ट्रा मिळून खर्च उचलतात ते मला फार पटतं. रचना तेवढ्या गावांत तरी वाजते.

तुम्ही रविशंकरांचा पहिला सतार कॉन्सर्टो, म्हणजे सतार आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात ती रचना, ऐका. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने मागवलेला, १९७१ चा. मग बोलू.

एक काम आहे. आमच्या पुढच्या नव्या रचनेत तंबोरा आहे. मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन पांढरी दोन या पट्टीला लागेल असा तंबोरा कधीपर्यंत मिळेल ते विचारा. इथे हिवाळ्यात हीटरने हवा फार कोरडी होते, भोपळा तडकू नये म्हणून काय करावं तेही नीट विचारून कळवा.

आईला सा. न.

तुमची,
मुक्ता