फुटपाथ हाच पत्ता धरा: अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बेघरांच्या रेशनकार्डासाठी रात्रीची पडताळणी आणि रात्रीची शिवभोजन थाळी

मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

भायखळ्याच्या एका मराठी चर्चची आमची मंडळी दर शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाक करते आणि रात्री भायखळा ते परळ या पट्ट्यात, पुलाखाली आणि इस्पितळांच्या भिंतींलगत झोपणाऱ्यांना वाढते. यात नवलाचं काही नाही. मुंबईत भुकेल्याला जेवू घालणारे हात पुष्कळ आहेत. माहीमच्या दर्ग्याजवळ हॉटेलांपुढे ओळीने बसलेल्या माणसांचे पैसे कुणीतरी अनोळखी माणूस गल्ल्यावर ठेवून निघून जातो. दादरच्या गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. ख्रिस्ती लोकांचंही हे काम जुनंच. मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मीची) माणसं या शहरात 1882 साली उतरली, आणि पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी शारदासदन काढलं तेही आधी इथेच, 1889 मध्ये, चौपाटीवर. तेव्हा आमची पाठ थोपटा म्हणून हे पत्र नाही. आमच्या हातून जे होत नाही आणि तुमच्या खात्याच्या एका परिपत्रकाने होऊ शकतं, त्याबद्दल आहे.

आम्ही दोन टोप भरून नेतो. मोठ्या टोपात मसालेभात, छोट्यात मऊ मुगाची खिचडी, मिरचीशिवाय. ही दुसरी खिचडी आम्हाला टाटा रुग्णालयाबाहेरच्या लोकांनी शिकवली. किमो किंवा रेडिएशन चालू असलेल्या माणसाचं तोंड आलेलं असतं, साधी फोडणीची मिरचीसुद्धा आग लावते. ‘ताई, तिखट नको, त्याला गिळवत नाही,’ असं नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई म्हणाली आणि तेव्हापासून छोटा टोप आला. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. धर्मशाळा भरलेल्या, लॉज परवडत नाही, गावी जाऊन-येऊन उपचार होत नाहीत, मग फुटपाथ. उशाला बोचकं, बोचक्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. जेवण वाढून झालं की थर्मासमधलं गरम पाणी मागायला पुन्हा तीच माणसं येतात. खिचडीपेक्षा गरम पाणी आधी संपतं.

आता आमच्यासारख्यांच्या कामातली खोट सांगते, कारण ती तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. दान कॅलेंडर बघून येतं. शनिवारी रात्री एकाच पुलाखाली चार गट वडापाव घेऊन उभे असतात आणि मंगळवारी चिटपाखरू नसतं. नाताळात एकाच म्हाताऱ्याला तीन ब्लँकेटं मिळतात, त्यातली दोन तो सकाळी विकतो, आणि बरोबरच करतो. पावसाळ्यात, जेव्हा खरी गरज ताडपत्रीची आणि सुक्या चुलीची असते, तेव्हा आमच्यासकट सगळे घरी असतात. माणूस आठवड्यातून एकदाच जेवत नाही. रोजचं अन्न हे सरकारचंच काम, आणि त्यासाठी कायदाही आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय, म्हणजे सर्वात गरीब, कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. शहरात वर्षाला 59 हजारांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब प्राधान्य गटात बसतं. पुलाखालच्या कुठल्या कुटुंबाचं उत्पन्न याहून जास्त असेल? तरी कार्ड नाही. एका आजींना घेऊन आमच्यातले दोघे एका रेशनिंग ऑफिसात गेले होते. आजी गजरे करतात, त्याच फुटपाथवर त्यांची मुलगी जन्मली आणि आता नातही मोठी झाली. खिडकीतून विचारणा झाली: लाइट बिल आणा, भाडेकरार आणा, निदान घरमालकाचं पत्र आणा. आजींनी शांतपणे विचारलं, ‘मालक म्हणजे कोण, पुलाचा?’ मागच्या रांगेतली माणसं हसली. अर्ज मात्र घेतला गेला नाही.

मंत्रिमहोदय, या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका सरकारी यंत्रणेने केव्हाच शोधून ठेवलं आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीसाठी फॉर्म 6 भरला, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने त्याने लिहिलेल्या जागी रात्री जायचं, तो तिथे खरंच झोपतो का ते बघायचं, आणि खात्री पटली की पत्त्याचा कागद मागायचा नाही, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. मत घ्यायला फुटपाथ हा पत्ता चालतो. मग तांदूळ द्यायला का चालू नये? माझी मागणी एवढीच आहे: हाच नियम शब्दशः उचला आणि शिधावाटप कार्यालयांना लागू करा. निरीक्षकाने रात्री अकरानंतर फेरी मारायची, जागा बघायची, शेजारच्या दोघांना विचारायचं, कार्ड द्यायचं. ज्या भायखळ्याच्या फुटपाथवर 1980 च्या दशकात बायकांनी महिला मिलन ही आपली संघटना उभी केली, तिथे तेव्हाही रेशनकार्डासाठी झगडावं लागलं होतं. एवढ्या वर्षांनंतर तोच झगडा नव्याने करायला लावू नका.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ आहे ना, असं कुणी अधिकारी सांगेल. आहे, आणि चांगली सोय आहे. पण ती ज्याचं गावी कार्ड आहे त्याला. तीन पिढ्या मुंबईच्याच फुटपाथवर काढलेल्यांना कुठलं गाव?

कार्डाने सगळं सुटेल असंही नाही. ज्यांच्याकडे तीन विटांची चूल आणि एक पातेलं आहे त्या कुटुंबांना धान्य उपयोगी. एकटा म्हातारा, हातगाडी ओढून तिच्यावरच झोपणारा माणूस, इस्पितळाबाहेर नवऱ्याची उलटी पुसत बसलेली बाई, यांनी 5 किलो तांदूळ शिजवायचा कुठे? त्यांना शिजलेलं हवं. त्यांच्यासाठीही तुमच्याच खात्याकडे योजना आहे. शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली तेव्हा 10 रुपयांत 2 चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळायचा. आमच्या ओळखीचे किती तरी लोक तिच्यावर दुपार काढतात आणि मान खाली न घालता काढतात, कारण ते पैसे मोजतात. पण थाळी दुपारची. केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात, आणि रोज थोड्या नफ्यावर चालणारा माणूस सरकारची उधारी किती दिवस सोसणार? ती बिलं आधी चुकती करा. मग परळची इस्पितळं आणि मोठी स्टेशनं यांच्याजवळची काही केंद्रं रात्री आठ ते दहा उघडी ठेवा. एक बिनतिखट भांडंही ठेवा, खर्च वाढत नाही.

जाता जाता एक आठवण. 2011 साली लोकसभेत मांडलेल्या अन्न सुरक्षा विधेयकात निराधारांना रोज एक मोफत जेवण आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरातून परवडणाऱ्या दरात जेवण, अशी स्वतंत्र कलमं होती. 2013 च्या कायद्यात ती राहिली नाहीत. त्याच 2011 च्या जनगणनेत मुंबईत 57 हजारांच्या आसपास बेघर मोजले गेले होते, तेही एका रात्रीच्या मोजणीत. केंद्राने वगळलं ते राज्याने देऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही.

आता जो प्रश्न तुमच्या कार्यालयात नाही तरी कुणीतरी काढेलच, त्याचंही बोलू. धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा सुरू झाल्यापासून आम्हाला रस्त्यावर थांबवून विचारतात, ‘जेवण देऊन बाटवता का?’ आमच्या मंडळीत नियम आहे: वाढताना पत्रक नाही, प्रार्थना नाही, फोटो नाही. कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर जेवण झाल्यावर, बाजूला. मागणारे सगळ्या धर्मांचे असतात, आणि दुसऱ्या शुक्रवारी ते गणपतीला किंवा दर्ग्याला गेलेले असतात. आमची हरकत नाही. जेवणाआधी भजन ऐकायला बसवणारे गट ख्रिस्ती लोकांतही आहेत, हे मी लपवत नाही. मला ते पटत नाही आणि मीटिंगमध्ये मी ते तोंडावर बोलते. पण ज्यांना आमच्या खिचडीत धर्मांतर दिसतं त्यांच्या काळजीवर सर्वात सोपा उपाय तुमच्या हातात आहे. हक्काचं धान्य आणि रात्रीची थाळी मिळू लागली की कुणाला आमच्या टेम्पोची वाट बघायची गरज उरणार नाही. आम्ही आनंदाने दुसऱ्या कामाला लागू.

सुरुवात लहान करा. भायखळा आणि परळ भागांतली दोनच शिधावाटप कार्यालयं घ्या आणि पावसाळ्याआधी पंधरा रात्री फिरा. कुठल्या पुलाखाली किती कुटुंबं झोपतात, कोण पहाटे चारला फूलबाजारात निघून जातं, हे आम्हाला आणि आमच्यासारख्या इतर संस्थांना ठाऊक आहे. लोकांची संमती असेल तिथे निरीक्षकांबरोबर आम्ही फिरू. झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन घेत नाही, त्यासाठी वेगळी सोय लागेल, तीही तेव्हाच बघता येईल.

आणि असा आदेश आधीच निघालेला असून तो खालपर्यंत पोहोचला नसेल, तर कृपया त्याची एक प्रत रेशनिंग ऑफिसच्या फळ्यावर लावायला सांगा. आजींना घेऊन आम्ही पुन्हा जाऊ.

कळावे,

आपली नम्र,
भायखळ्याच्या मराठी चर्चमधील एक स्वयंसेविका