पुराच्या पाण्यावर अलंकार शिकवणाऱ्या बुवांना

आदरणीय बुवा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, ते तुम्हाला फारसं रुचणार नाही. म्हणून तुमचं नाव, गाव, देऊळ यातलं काहीच घालत नाही. पण कोल्हापुरातल्या ज्या क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेचं मराठी व्याकरण शिकवते, तिथल्या मुली दरवर्षी विचारतात, "मॅडम, अलंकारांना तुम्ही ते पुराचं सांगता, ते कुठल्या पुस्तकातलं?" पुस्तकातलं नाही, एका कीर्तनकारांचं आहे, एवढं सांगून मी पुढे जाते. आज जरा सविस्तर सांगते.

मी तुमच्याकडे आले ती परीक्षेपुरती. हातात क्लासचा तक्ता होता. 'सारखा, समान, परी' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा, 'नव्हे' दिसलं की अपन्हुती. या तक्त्यावर मार्क मिळतात. मी आजही तो मुलींना देते, कारण पेपरात विचार करायला वेळ नसतो. तुम्ही तो शांतपणे वाचलात, परत दिलात आणि विचारलंत, "राधानगरीच्या जंगलात गवा कधी बघितलाय? गाईसारखा असतो. सांग आता, हा कुठला अलंकार?" तक्त्याप्रमाणे उपमाच. उपमेय, म्हणजे ज्याचं वर्णन चाललंय तो गवा, आहे; उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना ती गाय, आहे; 'सारखा' आहे. तुम्ही हसून म्हणालात, ही नुसती माहिती झाली. जंगलात जाणाऱ्याला गवा ओळखता यावा म्हणून दिलेली. न्यायशास्त्रात 'उपमान' हे प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचं साधन, समजावताना हेच गवयाचं उदाहरण देतात, आणि काव्यशास्त्र म्हणतं की यात चमत्कृती नाही, तेव्हा अलंकारही नाही. मग तुमचं ते वाक्य आलं, जे मी आता वर्गात जशाच्या तसं वापरते: "शब्द शोधू नकोस. बोलणाऱ्यानं दावा केवढा केलाय ते बघ."

आणि मग पंचगंगा, आपली कोल्हापूरची नदी. 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी आम्ही सगळ्यांनीच बघितलेलं, त्यामुळे चंद्र, कमळ, हरिणी यांची गरजच पडली नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. "इथं अलंकार नाही, आणि कुणी घालूही नये," असं म्हणून तुम्ही सुरुवात केलीत. नदी समुद्रासारखी पसरलीय, ही उपमा. दोन्ही वेगळ्या आहेत हे बोलणाऱ्याला मान्य आहे, तो फक्त सारखेपणा दाखवतोय. नदी जणू समुद्रच, ही उत्प्रेक्षा. आता तो कल्पना करतोय, पण 'जणू' म्हणून एक पाय मागं ठेवलाय. पंचगंगेचा समुद्र दारात आला, हे रूपक. मागचा पायही उचलला, दोन्ही एकच झाल्या. ही नदी नव्हेच, हा समुद्र, ही अपन्हुती. इथं तर खऱ्या गोष्टीलाच नाकारलं.

मग तुम्ही रंगात आलात. काठावरचा एकजण म्हणतो, ही नदी म्हणावी की समुद्र? हा ससंदेह. दुसरा खरंच पाण्यात बोट बुडवून खारट लागतं का बघतो, हा भ्रांतिमान. तिसरी एक म्हातारी म्हणते, समुद्राला निदान किनाऱ्याची मर्यादा असते, हिला तीही नाही. व्यतिरेक. नदी समुद्राच्याही पुढे गेली. आणि शेवटी सगळी उपमानं संपली की माणूस म्हणतो, पंचगंगेसारखी पंचगंगाच. अनन्वय. त्या बोट बुडवणाऱ्याची नक्कल तुम्ही अशी केलीत की ओसरीवर वाती वळत बसलेल्या बायकाही हसल्या. नदी तीच, पाणी तेच, समुद्रही तोच. बोलणारा दर वेळी किती पुढे सरकला एवढाच फरक. आठ अलंकार पाठ करावे लागले नाहीत.

व्यतिरेक सांगताना तुम्ही लगेच ज्ञानेश्वरी काढलीत. 'परि अमृतातेंही पैजा जिंके', म्हणजे मराठी बोल अमृताशी पैज लावून जिंकणार. 1290 मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथातली ही ओळ आम्ही भाषादिनाच्या फलकावर शंभरदा वाचलेली असते, पण ती अलंकाराच्या प्रश्नात आली की मुली चाचपडतात. आता त्या विचारतात, कोण जिंकलं? उपमेय जिंकलं असेल तर व्यतिरेक.

दृष्टांत मात्र तुम्ही शिकवला असं म्हणता येणार नाही. तुमच्या पूर्वरंगात, कीर्तनाच्या पहिल्या निरूपणाच्या भागात, तो इतक्या वेळा येतो की ऐकणाऱ्याला तो कळलेलाच असतो. 'महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वांचती.' तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं आणि मग मुंगी, ऐरावत, महापूर अशी चित्रं शेजारी ठेवून दिली. मधे 'जसं' नाही, 'तसं' नाही. ताडून बघायचं काम श्रोत्याचं. दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांत गोंधळ होतो म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, गल्लीत बायका बोलत असतात तिथं जाऊन उभी राहा. "एवढा हुशार पोरगा, पण गर्वानं वाया गेला. अती तिथं माती." एका पोराची गोष्ट, आणि तिला आधार म्हणून सर्वांना लागू पडणारं वाक्य. झाला अर्थांतरन्यास. तिथंच उभं राहिलं तर अन्योक्तीही फुकट मिळते, कारण लेकी बोले सुने लागे ही अन्योक्ती कशी करायची याची कृतीच आहे. व्याजस्तुतीसाठी, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदेसाठी, तर कोल्हापुरात कुठं जायची गरजच नाही. "लई शहाणा हाईस" हे इथं कौतुक म्हणून कुणी ऐकत नाही.

अतिशयोक्तीला तुमचं ते दमडीचं तेल. त्या तेलात सासूबाईंचं न्हाणं, मामंजींची दाढी, भावोजींची शेंडी, वर उरलेलं झाकून ठेवायचं, त्याला लांडोरीचा पाय लागायचा आणि वेशीपर्यंत गेलेल्या ओघळात उंट पोहून जायचा. क्लासमध्ये उंटापाशी हमखास हशा पिकतो.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी सहमत नाही. यमक. मोरोपंत पन्हाळ्याचे, 1729 चा जन्म, म्हणजे आपल्याकडचे, म्हणून तुमचा त्यांच्यावर जास्तच जीव. 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो' हे मलाही आवडतं. पण पानंच्या पानं यमकं वाचताना अर्थ मागे पडतो आणि नुसती कसरत उरते, असं मला वाटतं. तुम्ही म्हणता, मोरोपंतांच्या आर्या, म्हणजे त्या वृत्तातल्या कविता, वाचायच्या नसतात, झांजेवर ऐकायच्या असतात. तुमच्या तोंडून ऐकल्यावर पटतं, घरी येऊन पुस्तक उघडलं की पुन्हा पटत नाही. हे भांडण असंच राहू द्या.

अजून एक आभार राहिले. यादीची धास्ती तुम्ही घालवलीत. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या अलंकारांवरच्या ग्रंथापर्यंत ते शंभराच्या वर गेले. ही वाढ कवींनी कमी आणि पंडितांनी जास्त केली, हे तुमचं मत. मला ते थोडं तिखट वाटतं, पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घाबरलेल्या मुलींना मी तेच सांगते. आणि हे सगळं तुम्ही बिदागी न घेता केलंत. कीर्तन आटोपल्यावर, घसा बसलेला असताना, समोरच्या पोरीनं प्रवेशपत्रसुद्धा अजून काढलेलं नसताना.

आता थोडं कामाचं. वर्गात एक वाद पेटलाय आणि तो मला मिटवता आलेला नाही. बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. इथंपर्यंत रूपक, सगळ्यांना मान्य. पुढच्या कडव्यात 'जशा वाऱ्यानं चालल्या' आहे, ती उपमा, तेही मान्य. वाद आहे तो पिकावरून. मन म्हणजे ढोर, तर पीक म्हणजे काय? ते कवितेत सांगितलेलंच नाही. एक मुलगी म्हणते, हे सांगरूपक, म्हणजे अंगाउपांगांसकट रूपक, ढोराबरोबर पीकही आपोआप आलं. दुसरी म्हणते, उपमेय बोललंच नाही, उपमानानं ते गिळलं, तेव्हा पिकापुरती ती अतिशयोक्ती, तेलातल्या उंटासारखी फुगवण्याची नव्हे, संस्कृत शास्त्रातली. दुसरी तुमच्याच मापानं बोलतेय असं मला वाटतं, पण पहिलीला गप्प करण्याइतकी खात्री नाही. येत्या एकादशीला तुमचं कीर्तन आहे असं कळलं. दोघींना घेऊन येते. उत्तररंग संपला की दहा मिनिटं द्या, आणि गरम पाणी मी थर्मासमधून आणते.

तुमची विद्यार्थिनी,
मागच्या खांबाशी वही घेऊन बसणारी